आईची सावड

वाचकहो, हुमणी, खोडमाशी, बीजप्रक्रिया, आंतरमशागत असल्या विषयांवर शेतकऱ्यांशी बोलायची मला सवय आहे. पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी म्हणून पंचवीस वर्षांवर नोकरी झाली. राहुरीची बी.एस्सी. पदवी, बुडाखाली मोटारसायकल आणि तोंडात सल्ला, असा माझा जन्म गेला. आज मात्र पिकाविषयी लिहायचे नाही. घरात जे माणूस दुसऱ्या माणसाला सांभाळते, त्याच्याविषयी लिहायचे आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगायची आहे.

आमचे गाव मंगळवेढे तालुक्यातले. काळी जमीन आणि रब्बीची ज्वारी. थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणतो, शेती पाहतात. वडील गेल्यापासून आई त्यांच्याचकडे. मी नोकरीच्या गावी, साठ-सत्तर किलोमीटरवर. २०१५ च्या सुमारास आईचे काहीतरी बिनसू लागले. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. आमटीत दोनदा मीठ पडायचे. गाईला पाणी दाखवले की नाही हे दहा वेळा विचारायची. मग एक दिवस तिने गळ्यातली बोरमाळ स्वतःच कणगीत लपवली आणि सुनेने चोरली म्हणून आळीभर सांगत सुटली. आम्ही सगळे हसलो. साठी बुद्धी नाठी, असे गावात म्हणतातच. वहिनी हसल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा आठवले.

२०१७ साली तिला सोलापूरला दाखवले. डॉक्टरांनी आधी रक्त तपासले, कारण ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉईड बिघडले, मन फार खचले किंवा डोक्याला मार लागून आत रक्त साकळले, तरी माणूस असेच विसरू लागते. आणि यातले बरेचसे औषधाने सुधारते. तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे की, घरातले म्हातारे माणूस विसरू लागले तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. माती न तपासता खताचा हप्ता ठरवण्यासारखे ते आहे. आईच्या बाबतीत यातले काही निघाले नाही. मेंदूचा फोटो निघाला आणि स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, असे नाव मिळाले. गोळ्या मिळाल्या. त्यांनी काही काळ थोडा फरक पडतो, पण रोग मुळातून जात नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. नाव कळले याचे मला समाधान वाटले. जणू किडीचे शास्त्रीय नाव कळले की कीड गेलीच!

हा रोग शहराचा, सुखवस्तू घरांतला, असे कुणाला वाटत असेल तर ते खरे नाही. आपल्या देशातल्या वृद्धांची मोठी पाहणी झाली, तिचे आकडे २०२३ साली छापून आले. साठ वर्षांवरच्या शंभर माणसांमागे सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश असावा, देशभरात सुमारे ८८ लाख, असा तो अंदाज आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. म्हणजे तुमच्या-माझ्या गावात अशी घरे आहेत. दार लावलेले असते म्हणून दिसत नाहीत, इतकेच.

मी महिन्यातून एखाद्या रविवारी गावी जाई. जाताना केळी, मोसंबी नेई. तासभर आईजवळ बसे आणि वहिनींना सांगे, “तिला वेळच्या वेळी खायला द्या, वाद घालू नका, जरा फिरवत जा.” वहिनी “व्हय भाऊजी” म्हणत आणि चहा टाकत. एकदा आम्ही आईला आमच्याकडे नेऊनही पाहिले. माझी पत्नी शाळेत शिक्षिका. तिने रजा काढली. पण नवे घर, नवी भिंत, न्हाणीघर कुठे ते कळेना. आई रात्रभर दार चाचपडत राहिली. पंधराव्या दिवशी परत गावी आणून सोडली. आपण प्रयत्न केला, असे मनाशी म्हणून मी मोकळा झालो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ज्वारीच्या काढणीत दादांचा फोन आला. “हिची आई गेली. आम्ही मातीला निघालोय. आपल्या आईजवळ कोण?” मी चार दिवसांची रजा टाकून गेलो. मातीहून दादा त्याच संध्याकाळी परतले, कारण रानात माणसे लावलेली होती. वहिनी मागे राहिल्या. शेजारच्या मामी ताक घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्याकडून कळले की वहिनींची आई आठ महिने अंथरुणाला खिळून होती. तेवढ्या काळात वहिनी माहेरी एकदाच गेल्या, तेही सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत. मामी म्हणाल्या, “तुमची आई कुणावर टाकून जावं तिनं?” मी काय उत्तर देणार? आमची आई सांभाळता सांभाळता तिची आई निघून गेली होती, आणि मी त्या आठ महिन्यांत निदान सहा वेळा तरी त्या घरी मोसंबी ठेवून आलो होतो.

वाचकहो, ते चार दिवस जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या रात्री मामींनी विचारले, “गाठ मारायची म्हाईत हाय का?” मला कळेना. वहिनी रात्री आपल्या पदराचे टोक आईच्या पदराला बांधून निजत. आई उठली की ओढ बसे आणि जाग येई. असे दीड वर्ष चालले होते, कारण एकदा पहाटे आई उठून विहिरीच्या वाटेला लागलेली सापडली होती. मी उपरण्याचे एक टोक तिच्या खाटेला आणि दुसरे माझ्या मनगटाला बांधले. त्या रात्री सात वेळा उठलो. दर वेळी तिला ‘घरी’ जायचे असे. घर म्हणजे तिचे माहेर. तिथे ओळखीचे कुणी उरून चाळीस वर्षे झाली.

दिवसा तिने मला ओळखले नाही. माझा सदरा-पँट आणि पिशवी बघून कुणीतरी सरकारी माणूस आला असे तिने धरले. “सायेब, खालच्या अंगाचा बांध कोरलाय हो त्येनं. आमचं मालक साधं हायेत.” हा बांधाचा तंटा मी शाळेत असतानाचा. मी म्हणालो, “आई, मी धाकटा. वडील जाऊन किती वर्षं झाली.” तिचा चेहरा असा झाला की जणू वडील त्याच क्षणी गेले. रडू लागली. तासाभराने सगळे विसरली आणि पुन्हा म्हणाली, “सायेब, बांध कोरलाय हो.” या वेळी मी शहाणा झालो. पिशवीतून कागद काढला, तिचे म्हणणे लिहून घेतले, दिशा विचारल्या, खाली तिचा अंगठा घेतला. पंचनामा झाल्यावर ती शांत झाली आणि मला म्हणाली, “च्या घ्या सायेब.” नोकरीत इतके पंचनामे केले, पण इतके समाधान पावलेला अर्जदार मी दुसरा पाहिला नाही.

पण शहाणपण पुरत नाही. झोप नसली की शहाणपण राहत नाही. दिवस मावळतीला लागला की तिची तगमग वाढे. या रोगात बऱ्याच जणांना संध्याकाळी असे होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने ताट भिरकावले, लुगडे खराब केले आणि बदलू देईना. आंघोळीला मामी येत, पण त्या वेळी कुणी नव्हते. मी तिच्या अंगावर ओरडलो. दंड धरून खाटेवर बसवले. जोरात धरला होता. नंतर दिवा लावला तेव्हा पाहिले, तिच्या दंडावर माझ्या चार बोटांचे वळ उठले होते. ती ते विसरून गेली होती आणि मला “जेवला का?” म्हणून विचारत होती.

वहिनी तिसरा दिवस करूनच परतल्या. दहाव्यापर्यंतही राहिल्या नाहीत. मी त्यांना वळ दाखवले. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपण सांगावे म्हणून. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग खाली बघून म्हणाल्या, “माझ्या हातनं बी झालंय भाऊजी. दोन डाव. वाईट सून म्हनतील म्हनून कुनाला बोलले न्हाय.”

मी विचारले, “वहिनी, तुम्हाला काय हवंय ते सांगा.” मला वाटले, पगारी बाई म्हणतील, मोठा डॉक्टर म्हणतील, किंवा आईला तुमच्याकडे न्या म्हणतील. त्या म्हणाल्या, “मला एकदा सलग तीन तास झोपायचंय. उजेडी. कुनी हाक न मारता.”

सावड म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या. औताला एक बैल कमी पडला की पैरा करतो, नांगरटीला इर्जिक घालतो. कुणी कुणाचा भिकारी नसतो. माझ्या डोक्यात आले की ज्वारी काढायला सावड चालते, तर माणूस राखायला का चालू नये? दादांना सांगितले तर ते भडकले. “आपली म्हातारी लोकांच्या गळ्यात घालू? दोन पोरं असून?” मी म्हणालो, “दोन पोरं आहेत, पण सांभाळते सून. पैरा करताना तुला लाज वाटते का?” दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “बघ काय करतोस ते.”

मग मी जे केले ते माझ्या खात्याला शोभेसेच केले. मारुतीच्या देवळात बैठक बोलावली. सतरंजी, पाण्याची घागर, आणि माझे पाऊण तासाचे भाषण. दहा-बारा बायका आल्या, माना डोलावल्या. ठरलेल्या मंगळवारी एकही आली नाही. माझा राग बघून मामी हसल्या. “सबंत कोन हो म्हनंल? दाराला जावं लागतं.” त्या स्वतः चार दारी गेल्या आणि खरी अडचण घेऊन आल्या. बायकांना काम नको नव्हते, भीती होती. आमच्या पाळीत म्हातारी पडली, काही झाले, तर बोल कुणाला? आणि तिने चोरीचा आळ घेतला तर? मग दादा स्वतः त्या चारही घरी जाऊन आले. म्हणाले, “काय झालं तर ते माझं. तुम्हाला कुणी शब्द बोलणार नाही.” या एका फेरीने जे झाले ते माझ्या भाषणाने झाले नव्हते. तुमच्या गावात असे काही करायचे असेल तर ही फेरी घरच्या कर्त्या माणसाने आधी मारावी.

पाळी ठरली ती मंगळवार आणि शनिवार, दुपारी दोन ते पाच. एका वेळी दोघीजणी, म्हणजे एकीला घरी काही निघाले तर दुसरी असते, आणि दोघींना गप्पाही होतात. खुंटीला कॅलेंडर, त्यावर नावे. शेजारी मी एक कागद टाचला: आईला काय म्हणून हाक मारली की ती ओ देते, विहिरीकडच्या दाराची कडी, चुलीपाशी एकटी सोडू नये, ती म्हणेल ते खोडू नये, माहेरी जायचे म्हणाली तर “ऊन उतरू द्या, मग निघू” म्हणावे, आणि दादांचा व माझा फोन नंबर. एवढाच कागद. आमच्या खात्याची घडीपत्रिका याच्या चौपट मोठी असते आणि कुणी वाचत नाही.

तीन तास काय करायचे, हे आईनेच शिकवले. गिरणीवाल्या काकूंनी तिच्यापुढे सुपात ज्वारी ठेवली. तिचे हात सुपाला लागले आणि ती पाखडू लागली, निवडू लागली. नातवंडांची नावे विसरली होती, पण खडा आणि दाणा यातला फरक बोटांना पाठ होता. पाच वाजेपर्यंत ज्वारी स्वच्छ. संध्याकाळी काकू त्यात पुन्हा मूठभर काडीकचरा मिसळून ठेवत. ही फसवणूक आहे का, असे मला एकदा वाटले. मग वाटले, असू दे.

वहिनींचे काय झाले ते ऐका. पहिल्या मंगळवारी त्या झोपल्याच नाहीत. गोठ्यात बसून आतला आवाज ऐकत राहिल्या. दुसऱ्या वेळी तासाभराने दोनदा डोकावल्या. तिसऱ्या वेळी मामींनी त्यांना हाताला धरून आपल्या घरी नेले आणि बाहेरून कडी लावली. त्या दिवशी त्या पाचला उठल्या नाहीत, साडेसहाला उठल्या. सुटी घ्यायची तर घर सोडले पाहिजे, त्याच छपराखाली ती मिळत नाही. हे मला कुठल्या पुस्तकात सापडले नव्हते.

रात्रीचा प्रश्न उरला. महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार माझा झाला. मी येई आणि उपरणे मनगटाला बांधी. आठवड्यातल्या दोन रात्री दादांनी घेतल्या. सुरुवातीला त्यांना ओढच जाणवत नसे, इतके गाढ झोपत. मग खाट आडवी दाराशी टाकली. परतफेडही होतीच. मामींच्या लेकीच्या बाळंतपणात दहा दिवस भाकरी आमच्या चुलीवर झाल्या. दुसऱ्या एकीची दोन एकर पेरणी दादांनी करून दिली. गिरणीवाल्या काकूंनी काही घेतले नाही. म्हणाल्या, “मला सासू मिळाली न्हाय. हितं बसून बरं वाटतंय.” एक घर मात्र दोन महिन्यांतच गळाले, आणि तोंड चुकवू लागले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याचे त्याला ठाऊक.

पुढे वाचनात आले की असे काही आपल्या शेजारी गोव्यात शास्त्रीय पद्धतीने करून पाहिलेले आहे. डॉ. अमित डायस आणि ‘संगत’ या संस्थेच्या मंडळींनी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ घरे घेतली. निम्म्या घरी आधी, उरलेल्यांकडे नंतर, अशी स्थानिक भाषा बोलणारी, थोडे प्रशिक्षण दिलेली बाई पंधरवड्यातून निदान एकदा, असे सहा महिने पाठवली. ती रोग समजावून सांगे, वागणुकीला कसे तोंड द्यावे ते सांगे आणि मुख्य म्हणजे सांभाळणाऱ्याचे ऐकून घेई. गरज पडली तर डॉक्टर होतेच. याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांत फारसा फरक पडला नाही. पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार कमी झालेला स्पष्ट दिसला. तिथे आमच्यासारखी पाळी नव्हती, हे खरे. पण भार कुणावर असतो आणि हलका कुणाचा करायचा, हे त्यांनी बरोबर हेरले होते. मी चार वर्षे मोसंबी आईसाठी आणत होतो. वहिनींसाठी कधी काही आणले नव्हते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पाळी मोडली. ते तीन महिने वाईट गेले. दादांनी फोनवर सांगितले, ही पुन्हा बोलायची बंद झाली. जूनमध्ये पाऊस पडायच्या आत अंगणातल्या लिंबाखाली, तोंडाला पदर लावून, अंतर ठेवून, मंगळवार तेवढा परत सुरू झाला. डिसेंबर २०२१ मध्ये आई गेली. शेवटी तिला घास गिळता येत नव्हता, छाती भरली आणि दोन दिवसांत संपले. त्या वेळी वहिनी जवळ होत्या. अंगात त्राण होते, डोळ्यांत झोप नव्हती असे नव्हते, आणि मांडीवर तिचे डोके घेऊन त्या बसल्या होत्या. दहाव्याला गिरणीवाल्या काकूंनी ते सूप मागून नेले.

कॅलेंडर मात्र खुंटीवरून उतरले नाही. मामींच्या यजमानांना अर्धांगवायू झाला आहे. आता मंगळवारी दोन वाजता वहिनी तिकडे जातात आणि मामी आमच्या घरी येऊन झोपतात.

तुमच्या आळीत असे घर असेल तर आधी त्या घरच्या बाईला विचारा, की तुला काय हवे? आपल्या मनाने ठरवू नका. पगारी माणूस परवडत असेल तर ठेवावे, त्यात कमीपणा नाही. घरात कुणी बोलायला नसेल तर वृद्धांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि मन फार खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. पण फोनवरचा माणूस सूप धरून बसायला येत नाही, म्हणून शेजार बघा.

हा लेख पाठवण्याआधी वहिनींना वाचून दाखवला. बोरमाळीचे ऐकून त्या या वेळी हसल्या. मग म्हणाल्या, “वळाचं लिवलंय ते काढू नका. नुसतं ग्वाड लिवलं तर बायकांना खरं वाटायचं न्हाय.” म्हणून ते ठेवले आहे.